अकराव्या खिडकीचा पडदा

पडक्या घरात शिरताना चपला काढायच्या नसतात, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी बंगलोरात कळलं. तोवर मी असल्या घरात कधी शिरलेच नव्हते. पुढे पुष्कळ शिरले. बंद पडलेली कापडगिरणी, ओस पडलेलं टपाल कार्यालय, कुणा संस्थानिकाचा घोड्यांचा तबेला. गंजलेलं कुलूप दिसलं की माझे पाय अजूनही तिकडे वळतात आणि बरोबरचे लोक वैतागतात. पण पहिल्या वेळची मजा निराळीच. त्या दिवशी मी रेशमी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून, एका बंगल्याच्या न्हाणीघराच्या मागच्या दारानं आत घुसले होते, आणि माझ्यामागून पिशवी सांभाळत आमच्या घरमालकांची सून येत होती.

साठच्या दशकाची सुरुवात होती. ह्यांना सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली आणि लग्नानंतर तीन महिन्यांत मी पुण्याहून राजाजीनगरला आले. तेव्हाचं राजाजीनगर म्हणजे निम्मी घरं आणि निम्मे मोकळे प्लॉट. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, खाली मालकांचं कुटुंब. तेही मराठीच, पण कितीतरी पिढ्या बंगलोरात मुरलेलं. त्यांची सून चाळिशीची. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही. पहिल्या आठवड्यात तिनं मला वाटीभर आमटी आणून दिली आणि म्हणाली, स्वल्प मीठ कमी झालंय, चालवून घे की. मी दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले. दुसऱ्या वर्षी मी स्वतः ह्यांच्या प्रत्येक बोलण्यावर बरं म्हणायच्या ऐवजी कानडीतलं सरी, सरी म्हणायला लागले, तेव्हा हसायची पाळी तिची होती.

सकाळी साडेसातला हे कारखान्याच्या बसनं निघून जात, ते संध्याकाळी पाचनंतर उगवत. मधल्या वेळात घर मला खायला उठायचं. माझा स्वभाव मुळात उचापती, आणि बंगलोरात उचापती करायला एकही ओळखीचं घर नाही. अक्का नसती तर मी पुण्याला परत पळाले असते, हे मी ह्यांना नंतर भांडणात दोनदा ऐकवलं आहे.

अक्काचं माहेर बंगलोरातल्याच शिवाजीनगरात. वडील शिंपी, आणि साधेसुधे नव्हेत. कॅन्टोन्मेंटमधल्या बंगल्यांचे पडदे, सोफ्यांचे अभ्रे, पलंगपोस असलं भारी काम करणारे. दुकान आता मुलं चालवायची. अप्पा ऐंशीच्या घरात आलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसभर दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसून असायचे. डोळे गेले होते पण बोटं शाबूत होती. मुलानं शिवलेलं काहीही हातात आलं की शिवणीवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, इथं टीप ओढली गेलीय, उसव. दर गुरुवारी अक्का त्यांना भेटायला जायची, आणि बसमध्ये तिच्या शेजारी मी. मला अप्पा फार आवडायचे. ते मनसोक्त फुशारक्या मारत आणि त्याची त्यांना जराही लाज नसे.

सगळ्यात मोठी फुशारकी एका बंगल्याच्या दिवाणखान्याची. अकरा खिडक्या, एकेक माणसाच्या दीडपट उंच. विलायतेहून आलेलं जाड कापड, त्यावर वेलींवर बसलेले लांब शेपटीचे निळे पक्षी. अकराच्या अकरा पडदे अप्पांनी एकट्यानं बेतले, एकट्यानं शिवले, आणि मड्डमेनं म्हणे टाळ्या वाजवल्या. त्याला तीसेक वर्षं झाली होती. मी ही गोष्ट दर गुरुवारी ऐकायची, अक्कानं ती जन्मभर ऐकली होती. तिची आई असताना अप्पा पक्ष्यांपर्यंत आले की आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून जायची. अक्काला वाटायचं, बिचारी कंटाळली. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरातली सगळी हातशिलाई तिनं चाळीस वर्षं केली, पण तिच्या कामाबद्दल अप्पांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं होतं: बायकांचा हात बटणं लावण्यापुरता. त्यावरून माझी आणि त्यांची चांगलीच जुंपली होती.

चैत्रातल्या एका गुरुवारी आम्ही गेलो तर अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले. सकाळपासून जेवले नव्हते. शेजारच्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं त्यांना बातमी सांगितली होती. तो बंगला पाडणार होते. शेवटची राहणारी म्हातारी मड्डम पाच वर्षांपूर्वी विलायतेला निघून गेली, तेव्हापासून तो बंदच होता. आता सोमवारी दारं-खिडक्या उतरवायला माणसं लागणार होती, आणि ते लाकूड ह्या व्यापाऱ्यानंच घेतलं होतं. आत अजून पडदेसुद्धा तसेच लटकताहेत, असं तो म्हणाला होता.

अक्काला वाटलं, आपलं काम मोडीत निघणार म्हणून अप्पांना वाईट वाटतंय. ती समजूत घालायला लागली. अप्पांनी तिला दार लावायला सांगितलं. मी उठायला लागले तर म्हणाले, तूही बस, तू शिंप्याची नव्हेस.

"अकरावा उलटा आहे," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. दहा पडदे बरोबर बेतले होते. अकराव्याला कापड उलटं धरलं गेलं आणि शिवून होईपर्यंत लक्षात आलं नाही. टांगायच्या दिवशी अप्पा शिडीवर, खाली बायको एकेक कडी वर देतेय, मड्डम खुर्चीत बसून बघतेय, आणि अप्पांना दिसलं की ह्या पडद्यावरचे सगळे पक्षी डोकं खाली, शेपटी वर करून लोंबताहेत. कापड शिल्लक नव्हतं. तोंड उघडलं असतं तर कॅन्टोन्मेंटमधलं सगळं काम गेलं असतं. त्यांनी तो पडदा शेवटच्या, पियानोमागच्या खिडकीला लावला, बाजूला सारून चुण्यांत दडवला, आणि शिडीवरून उतरून मड्डमेच्या टाळ्या घेतल्या. त्यानंतर त्या बंगल्याचं काम कितीदा आलं, पण अप्पा कधी दिवाणखान्यात गेले नाहीत. चादरींची मापंसुद्धा व्हरांड्यातूनच घेतली. बायकोलाही कधी बोलले नाहीत. तीस वर्षं रोज फुशारकी मारली आणि तीस वर्षं रोज घाबरले.

आता सोमवारी ते पडदे खाली येणार होते. लाकूडवाला ते इथेच, शेजारी आणून टाकणार होता. शिवाजीनगरात पाच पावलांवर एक शिंपी, आणि ह्या गल्लीत अप्पांचं काम ओळखणार नाही असा एकही नाही. पोटची मुलंसुद्धा शिंपीच. अप्पांनी अक्काचा हात धरला आणि म्हणाले, पोरांना कळता कामा नये, त्याआधी तो मला आणून दे.

बसमध्ये अक्का रडली. म्हणाली, पक्षी उलटे असले तर असले, माणूस त्यापायी जेवण सोडतं का. मग डोळे पुसून म्हणाली, जायचं की. मी तर मनानं केव्हाच त्या बंगल्याच्या कुंपणावर चढले होते. मला अप्पांची कीव येत होती हे खरं, पण त्याच वेळी पोटात अशा गुदगुल्या होत होत्या की मी खिडकीकडे तोंड करून बसले. दीड वर्षात पहिल्यांदा बंगलोरात मला करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं.

अडचण एकच, अक्काची सासू. त्या बाईंना विचारल्याशिवाय अक्का कोपऱ्यावरसुद्धा जात नसे. पण चैत्र होता आणि चैत्रात बाईला घराबाहेर पडायला हळदीकुंकवासारखं निमित्त नाही. माझ्या ह्यांच्या साहेबांच्या बायकोनं बोलावलंय, असं ठरलं. मग अक्काच्या ध्यानात आलं की हळदीकुंकवाहून येताना ओटीत भिजवलेले हरभरे हवेत, सासूबाई आधी तेच विचारतील. म्हणून आदल्या रात्री मी माझ्या स्वयंपाकघरात चोरून हरभरे भिजत घातले. शनिवारी दुपारी आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून बाहेर पडलो. अक्काच्या पिशवीत होती कात्री, विजेरी, भुतासाठी एक लिंबू, करंडा आणि शेरभर ओले हरभरे. त्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि बसमधला शेजारी सारखा पाय उचलून घेत होता.

बंगला शोधायला वेळ लागला नाही. फाटकाला साखळी होती, पण बाजूची भिंत एका ठिकाणी ढासळलेली. मी आधी चढले. अक्का वर आली, भिंतीवर बसली आणि दोन्हीकडे पाय टाकून तिथेच थिजली. ना अलीकडे, ना पलीकडे. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, त्यानं रेशमी साडीतली ती बाई भिंतीवर बसलेली पाहिली, आणि अक्कानं ओळखीच्या माणसाला करावा तसा त्याला नमस्कार केला. मी हसून गवतात लोळायचीच बाकी होते. शेवटी मी तिला ओढलं आणि ती हरभऱ्यांसकट माझ्या अंगावर आली.

आवारात गवत गुडघाभर. दूर नोकरांच्या खोल्यांशी एक रखवालदार बाजेवर तोंडावर टॉवेल टाकून झोपलेला दिसला. आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. तिथे न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. अक्का उंबऱ्याशी थबकली. लिंबू काढून तीनदा ओवाळलं आणि झाडीत फेकलं. मग आम्ही आत शिरलो.

आत पांढरा, लांबलचक आंघोळीचा टब होता, वाळक्या पानांनी अर्धा भरलेला. अक्कानं त्याकडे पाहून नाक मुरडलं. म्हणाली, ह्यात बसायचं आणि आपलाच मळ परत आपल्याच अंगाला लावून घ्यायचा, असं कसं की. मी काय केलं कुणास ठाऊक, पदर खोचला आणि सरळ त्या पानांत जाऊन आडवी झाले. वर छताला एक गोल खिडकी होती आणि तिच्यातून ऊन माझ्या तोंडावर पडत होतं. जगात कुणालाही माहीत नव्हतं की मी कुठे आहे. सासर, माहेर, आमची गल्ली, कुणालाही नाही. मला इतका आनंद झाला की मी पाय हवेत उडवले.

तिथून पुढे आम्ही दोघी पार सुटलो. प्रत्येक दार उघडून बघायचं आणि आत कुणी नाही म्हणून हरखायचं. एका खोलीत भिंतभर कपाट होतं, अक्का त्यात जाऊन उभी राहिली आणि मी तिला शोधलं. जेवणाच्या खोलीत भिंतीला एक दोरी लोंबत होती. मी ती ओढली तर दूर कुठेतरी स्वयंपाकघराच्या बाजूला घंटा खणखणली. पाच वर्षं बंद घरात अजून घंटा वाजते, हे कळल्यावर शहाण्या माणसानं दोरी सोडली असती. आम्ही आळीपाळीनं तीनदा वाजवली.

मग माझ्या तळव्याला काहीतरी थंड, चिकट लागलं. खाली पाहिलं तर कबुतरांची घाण आणि त्यात माझा अनवाणी पाय. मी अक्काला विचारलं, आपल्या चपला कुठायत. ती म्हणाली, दाराशी काढल्या की. मी परत जाऊन डोकावले. न्हाणीघराच्या पायरीवर दोन जोड चपला, टाचेला टाच लावून, कुणा पाहुण्यांनी ठेवाव्यात तशा नीट ओळीत. त्यातला एक जोड माझाच होता आणि तो मीच काढून तिच्या शेजारी लावून ठेवला होता, नकळत. घरफोडीला यायचं आणि उंबऱ्याशी चपला काढायच्या. घालूया का, असं मी विचारलं. अक्का म्हणाली, आता पाय घाण झालेत, घातल्या तर चपला घाण होतील. मला ते बरोबर वाटलं.

दिवाणखाना सगळ्यात शेवटी सापडला. दार ढकललं आणि कबुतरं एकदम उडाली. खोली रिकामी, लाकडी जमीन, आणि दोन बाजूंना खिडक्याच खिडक्या. पडदे खरंच होते. उन्हानं विटलेले, एकदोन अर्धे फाटलेले, पण निळे पक्षी ओळखू येत होते. अक्का दारातच उभी राहिली. ज्या खोलीबद्दल तिनं जन्मभर ऐकलं होतं, ती तिनं पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, लहानपणी ती ह्या घराच्या व्हरांड्यापर्यंत आली होती. पडदे लावले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला पडद्यांचे बंद द्यायला यायचं होतं, तेव्हा तिचा पदर धरून. आई आत गेली ती किती वेळ आलीच नाही. बंगल्यातल्या आयानं हिला पायरीवर बसवून एकामागून एक पाच बिस्किटं खायला दिली होती.

आम्ही मोजत निघालो. शेवटच्या खिडकीपुढे जमिनीवर एक फिकट चौकोन होता, तिथे पियानो असणार. त्यामागे पडदा चुण्यांत गोळा झालेला. अक्कानं माझा हात धरला. मी दुसऱ्या हातानं पडदा ओढून पसरला.

पक्षी सरळ होते. डोकं वर, शेपटी खाली, बाकीच्यांसारखेच. आम्ही परत पहिल्या खिडकीपासून मोजलं. अकराही सरळ. अक्काचा चेहरा उतरला. तिला वाटलं, अप्पांचं डोकं फिरलं, आणि ते घरी जाऊन त्यांना कसं सांगायचं. ती खाली बसली, सवयीनं पडद्याची कड हातात घेतली, शिंप्याच्या घरची माणसं घेतात तशी, आणि उलटी करून पाहिली. मग शेजारच्या पडद्याची पाहिली. मग परत ह्याची.

शेजारच्या पडद्याला खाली मशीनची टीप होती. ह्याला हातशिलाई होती, बारीक, जवळजवळ, आणि दोरा हिरवा. पिवळसर कापडाला हिरवा दोरा कोणता शिंपी लावेल. अक्का शिवणीच्या शेवटाशी गेली. तिथे दोऱ्याला तीन वेढे देऊन गाठ मारलेली होती आणि गाठीनंतर पुन्हा एक उलटा टाका. तिनं मला परकर शिवायला शिकवला तेव्हा हीच गाठ शिकवली होती. धुताना सुटत नाही, आईची गाठ आहे, असं म्हणून.

"आईनं उलटा केला," अक्का म्हणाली. "खालचं वर केलं बघ."

मी खिडकीच्या कट्ट्यावर चढले आणि दांडा खाचेतून उचलला. तो धाडकन खाली आला, धुळीसकट. वर पाहिलं तर कड्यांची पट्टीही उसवून, दुसऱ्या टोकाला हिरव्या दोऱ्यानं लावलेली. म्हणजे शिडीखाली उभं राहून कड्या देताना तिनं पाहिलं होतं. नवऱ्यानं पाहिलं तेव्हाच. तोही बोलला नाही, तीही बोलली नाही. आणि दुसऱ्या दिवशी मड्डम दुपारची झोपली असताना, आयाला हाताशी धरून, जवळ असेल त्या दोऱ्यानं तिनं अख्खा पडदा फिरवून टाकला होता.

"पाच बिस्किटं," अक्का म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. आधी तोंडाला पदर लावून. मग ती थांबली, पदराकडे पाहिलं, आणि मला म्हणाली की आई कंटाळून आत जात नव्हती, हसायला जात होती. मरेपर्यंत. अप्पा पक्ष्यांपर्यंत आले की. त्यावर आम्ही दोघी जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू व्हायचं.

फुगडी कुणी सुचवली ते आठवत नाही. मीच असणार. एवढी मोठी रिकामी खोली, लाकडी जमीन, अंगात आनंद मावत नाही, मग दुसरं काय करणार. पावलाला पाऊल लावलं, हात गुंफले आणि गरगर फिरलो. अक्का वजनदार, पण फुगडीला वजनच लागतं. पायाखाली जमीन ढोलासारखी वाजत होती, निळे पक्षी भोवती फिरत होते, माझा गजरा सुटून कुठे उडाला कळलं नाही. फळी करकरली आणि अक्काची टाच तिच्यात घोट्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे थांबलो. पाय निघाला. खरचटलं होतं थोडं. आम्ही पडद्याची घडी घातली, ती मी कडेवर मुलासारखी घेतली, आणि मागच्या दाराशी आलो.

पायरीवर, आमच्या चपलांपासून हातभर अंतरावर, रखवालदार बसला होता. मांडीवर काठी.

पोलीस, ह्यांची सरकारी नोकरी, पुण्याला जाणारी तार, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. त्यानं कानडीत विचारलं, कुणाकडे आला होता. अक्काच्या तोंडून, जे घरून पाठ करून आली होती तेच बाहेर पडलं: हळदीकुंकवाला. आणि केसांत जाळीजळमटं, पाय काळेठिक्कर, अशा अवस्थेत तिनं पुरावा म्हणून त्याच्यापुढे हरभऱ्यांची पिशवी उघडून धरली.

त्यानं पिशवीत पाहिलं. आमच्या पायांकडे पाहिलं. मग अक्कानं त्याला सगळं खरं सांगितलं, अप्पांपासून बिस्किटांपर्यंत. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, घंटा वाजली तेव्हापासून तो बाहेर उभा होता. आत बायका हसताहेत, नाचताहेत, हे ऐकून त्याला घाम फुटला होता. नोकरी सोडून पळणारच होता, तेवढ्यात पायरीवर चपला दिसल्या. भूत चपला घालत नाही. आणि चोर असते तर?

"चोर चपला काढून आत जात नाहीत, अम्मा," तो म्हणाला.

पडदा न्या म्हणाला, सोमवारी सगळं जाणारच आहे. अक्कानं पिशवीतले सगळे हरभरे त्याच्या टॉवेलात ओतले. सासूबाईंना तिनं नंतर काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. ह्यांना मी ही हकीकत पंचवीस वर्षांनी सांगितली, आणि तेव्हाही ते पहिलं एवढंच म्हणाले की टबात काच असती तर.

तसेच शिवाजीनगरला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती, मुलांचं लक्ष नव्हतं. अक्कानं रस्त्यातच ठरवलं होतं की आपण काही सांगायचं नाही. तिनं खोलीचं दार लावलं आणि पडद्याची घडी अप्पांच्या मांडीवर ठेवली.

अप्पांनी आधी कापड चोळून पाहिलं. हो, हेच, म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. आपण मेलो असतो तर बरं, असा. मग सवयीनं अंगठा कडेवर गेला आणि फिरायला लागला. थोडा गेला आणि थांबला. परत मागे आला. टीप लागत नव्हती. अप्पा बोटांनी टाके मोजल्यासारखे करत शिवणीच्या टोकापर्यंत गेले. तिथे गाठ होती. तीन वेढे आणि एक उलटा टाका. त्या गाठीवर त्यांचं बोट कितीतरी वेळ होतं.

अक्कानं मग हळूच सांगितलं, अप्पा, पक्षी सरळ आहेत.

मला भीती वाटली, कारण अप्पांचे खांदे हलायला लागले. मग दिसलं की ते हसताहेत. पडद्याचं टोक त्यांनी तोंडावर धरलं होतं आणि त्यातून हसू बाहेर पडत होतं. एवढी वर्षं मी तिच्यापुढे, एवढंच त्यांना बोलता आलं, आणि मग डोळे पुसायलाही तोच पडदा कामी आला.

शांत झाल्यावर त्यांनी पडदा नीट मांडीवर घेतला आणि काम तपासायला बसले. खालची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वरची पट्टी, प्रत्येक टाक्यावर अंगठा. मुलांचं काम तपासत तसंच, खोट काढायच्या इराद्यानं, घाई न करता. आम्ही दोघी काळ्या पायांनी खाटेच्या कडेला बसून होतो. शेवटच्या गाठीपर्यंत पोचल्यावर त्यांनी मान वर केली. आमच्याकडे नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं, आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "एकही टाका वाकडा नाही."